थांबा क्रमांक ११७ च्या चार फाइली पुसल्याबद्दल

प्रति,
मा. वाहतूक व्यवस्थापक,
शहर बस सेवा, मुख्य कार्यालय,
दुसरा मजला.

विषय: साफसफाईत पुसला गेलेला थांबा क्र. ११७ (साबण कारखान्याचे फाटक) मूळ यादीत परत घेण्याबाबत. ते न जमल्यास अर्जदारास एक जाकीट मिळण्याबाबत.

संदर्भ: (१) आपल्या सहीचे परिपत्रक 'जुन्या तयार फाइलींची साफसफाई', दि. ४ (मसुदा अर्जदाराचाच).
(२) सेवा नियमावली, नियम ६ व नियम १४.

महोदय,

१. सोमवार, दि. ४ रोजी सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी वेळापत्रक कक्षाच्या संगणकावरील 'तयार' या फोल्डरमध्ये १,४६३ फाइली होत्या. आपल्या मूळ यादीत थांबे ३०२. प्रत्येक थांब्यामागे चार फाइली बनतात: कामाच्या दिवसाचे पत्रक, सुट्टीच्या दिवसाचे पत्रक, खिशात ठेवायची चिठ्ठी आणि छपाईपूर्वीची कच्ची फाइल. म्हणजे असायला हव्या होत्या १,२०८. जास्तीच्या २५५. त्यांपैकी ८८ फाइली मध्येच वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेल्या, १५१ बंद पडलेल्या मार्गांच्या आणि उरलेल्या १६ अशा चार थांब्यांच्या, जे यादीतच नाहीत. ही मोजणी मी दोनदा केली. दुसऱ्यांदा करायची गरज नव्हती, पण बेरीज जुळत होती आणि मला ते पाहत बसावेसे वाटले.

२. या फाइली कोणी हाताने लिहीत नाही. मूळ यादीत थांब्याचे नाव, मार्ग आणि वेळा असतात. त्यांवरून बिल्ड टूल नावाचा प्रोग्राम पत्रके बनवतो. तो कष्टाळू नाही, हिशेबी आहे. मूळ यादीत जिथे बदल झाला असेल तेवढीच पत्रके तो नव्याने बनवतो, बाकीच्यांना हात लावत नाही. त्यालाच 'क्लीन' अशी आज्ञा दिली की तयार फाइली पुसल्या जातात, म्हणजे सगळे कोरे करून पुन्हा बनवता येते. आमच्या कक्षातील क्लीन मात्र यादी हातात घेऊन पुसायला निघे. यादीत जो थांबा आहे त्याच्या फाइली ती पुसे. जो थांबा यादीतून गेला, त्याच्या फाइली तिला दिसतच नसत. त्यामुळे ज्या पुसायला हव्यात नेमक्या त्याच वर्षानुवर्षे राहिल्या आणि ज्या ताज्या होत्या त्या दर वेळी पुसल्या गेल्या. हे माझ्या लक्षात आले तेव्हा मला नोकरीत लागून अकरा दिवस झाले होते. मी विज्ञानाची पदवीधर आहे. असे काही दिसले की मला शांत बसवत नाही.

३. मी नवा नियम लिहिला आणि त्याचे नाव 'झाडू' ठेवले. ज्या फाइलीला मूळ यादीत आधार नाही ती झाडू पुसतो, आणि हे प्रत्येक छपाईपूर्वी आपोआप घडते. आधार असलेली एकही फाइल चुकून जाऊ नये म्हणून मी चार चाचण्या लिहिल्या. चारही उत्तीर्ण झाल्या. परिपत्रकाच्या मसुद्यात 'या नियमास कोणताही अपवाद व्यवस्थापकांच्या लेखी मंजुरीशिवाय करता येणार नाही' हे वाक्य मीच घातले, आपण ते वाचून "इतकं कडक कशाला?" असे विचारले होते, आणि मी शिस्तीबद्दल सुमारे चार मिनिटे बोलले होते. त्या चार मिनिटांबद्दल मी प्रथम दिलगिरी व्यक्त करते.

४. दुपारी १२ वाजून ५ मिनिटांनी झाडू चालवला. २५५ फाइली पुसायला तीन सेकंद लागले. जेवणाच्या सुट्टीत मी हे सर्वांना सांगितले. टाळी एकच वाजली, आणि ती माझी होती.

५. यादीत नसलेल्या चार थांब्यांपैकी एक आता उड्डाणपुलाच्या खांबाखाली आहे, एक गोदामाच्या आवारात गेला आहे आणि एक रस्त्याच्या पलीकडे हलवून त्याला नवा क्रमांक मिळाला आहे. हे तिन्ही मी जाऊन पाहिले. चौथा, क्र. ११७, पाहायला गेले नाही, कारण तो मला माहीत होता. लहानपणी मी तिथेच बसमधून उतरत असे. कारखाना सहा वर्षांपूर्वी बंद झाला, त्याच वेळी थांबाही यादीतून काढला गेला, एवढे कागदपत्रांत दिसले आणि मी पुढे गेले. माझी सख्खी आत्या त्या थांब्याला लागून असलेल्या कर्मचारी वसाहतीत राहते, हे मला त्या क्षणी आठवले नाही. मला फक्त चार फाइली दिसत होत्या.

६. नवी पत्रके बुधवारी छापली गेली, शनिवारी लावली गेली आणि सोमवार, दि. ११ पासून लागू झाली. त्याच सोमवारी सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी मला आत्याचा फोन आला. आत्या साबण कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे नोकरीला होती. वजनकाट्यावर फुंकर मारू नये हे मला तिनेच शिकवले. घरात मला मोजपट्टी म्हणतात, ते नावही तिनेच ठेवले आहे. तिचे बोलणे जसेच्या तसे देते:

"मोजपट्टी, नऊ नंबर न थांबता गेली. ड्रायव्हर ओळखीचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं आणि गेला. तुझंच काम असणार. इतकं व्यवस्थित आपल्या घरात दुसरं कोण करतं?"

७. यानंतर मी चौकशी केली ती अशी. थांबा यादीतून गेला तरी त्याच्या चार फाइली फोल्डरमध्ये राहिल्या. छपाई विभाग यादी पाहत नाही. फोल्डरमध्ये जितकी पत्रके असतील तितकी छापतो. ड्रायव्हरला मिळणारे फेरीपत्रकही यादीवरून बनत नाही. मार्ग ९ ची जितकी पत्रके सापडतील ती गोळा करून बनते. म्हणून कारखान्याच्या फाटकावर दर तीन महिन्यांनी नवा कागद लागत राहिला आणि नऊ नंबर तिथे थांबत राहिली. कागद नवा, पण वेळा सहा वर्षांपूर्वीच्या. मधल्या काळात मार्गाच्या वेळा बदलल्या, त्यामुळे कागदावर ८:१२ असेल तर गाडी ८:२३ ला येई. वसाहतीतील सर्वांना हे पाठ होते. ते कागद वाचत, मनातल्या मनात अकरा मिळवत आणि घरून निघत. आपल्या ३०२ अधिकृत थांब्यांपैकी किती ठिकाणी प्रवाशांना गाडीची वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, याची माहिती माझ्याकडे नाही.

८. पत्रके लावणारे काका, जे शिडी आणि खळीचा डबा घेऊन सायकलवरून सर्व थांबे फिरतात, त्यांना मी भेटले. मी त्यांना झाडूचा नियम समजावून सांगितला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाले, "ताई, कागद होता म्हणून गाडी थांबायची आणि गाडी थांबायची म्हणून मी कागद लावायचो. सहा वर्षं कुणाचं अडलं नाही. तुम्ही मध्ये कुठून आलात?" या प्रश्नाचे माझ्याकडे तांत्रिक उत्तर होते. ते मी दिले नाही.

माझ्या जागी पूर्वी असलेले सहायक आता निवृत्त आहेत. त्यांना फोन करून विचारले की ११७ च्या फाइली चुकून राहिल्या होत्या का. ते म्हणाले की त्यांना नाव यादीतून काढायला सांगितले होते, ते त्यांनी काढले. फाइल काढायला कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला. माझ्या मते क्लीनमधील दोष त्यांना माहीत होता. मी पुरावा देऊ शकत नाही.

९. चूक लक्षात आल्यावर ती दुरुस्त करणे सोपे असेल असे मला वाटले. मंगळवारी मी बॅकअपमधून ११७ च्या चारही फाइली काढून फोल्डरमध्ये ठेवल्या. छपाईची आज्ञा दिली. झाडू आधी चालला आणि त्याने त्या पुसल्या. मी पुन्हा ठेवल्या. पुन्हा पुसल्या गेल्या. तिसऱ्यांदा मी फाइलींना कुलूप लावले, म्हणजे कोणालाही पुसता येऊ नयेत अशी खूण केली. परंतु असे कोणी करेल हे मी नियम लिहितानाच ओळखले होते आणि त्याची सोय करून ठेवली होती. झाडूने कुलूप काढले, फाइली पुसल्या आणि नोंदवहीत 'संशयास्पद प्रकार' अशी नोंद केली. ती नोंद माझ्या नावाने आहे.

झाडूला एका ओळीचा अपवाद सांगितला तर तो ऐकेल. परंतु अपवादाला आपली लेखी मंजुरी लागते. ते वाक्य कोणी घातले, हे परिच्छेद ३ मध्ये आले आहे.

१०. मग मी सरळ मार्गाने थांबा यादीत परत घ्यावा म्हणून गणना विभागात गेले. यादीत घेण्यासाठी त्या थांब्यावरची प्रवासीसंख्या लागते. ती गणना विभाग मोजतो. गणना विभाग यादीतील थांब्यांवरच मोजतो. तेथील बाईंनी हे मला अजिबात न रागावता, रकाना दाखवून समजावले. "यादीत नसलेल्या थांब्यावरची माणसं म्हणजे नुसती रस्त्यावर उभी असलेली माणसं," त्या म्हणाल्या. "त्यांना मोजायला माझ्याकडे रकाना नाही." मी रकाना वाढवण्याची तयारी दाखवली. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी ती तयारी मागे घेतली.

११. त्यामुळे मोजणी मी स्वतः केली. मंगळवार ते गुरुवार, दि. १२, १३ आणि १४, सकाळी ८ ते ८:४५ मी फाटकापाशी वही घेऊन उभी होते. आत्याला मोजणीत धरलेले नाही, कारण ती माझी नातेवाईक आहे. गाडीला हात दाखवणारी माणसे: मंगळवारी ९, बुधवारी ६, गुरुवारी २. गाडीत चढलेली माणसे: तिन्ही दिवशी शून्य, कारण गाडी थांबत नाही. पहिल्या दिवशीच्या नऊंमध्ये धुलाई केंद्रात काम करणाऱ्या दोन बहिणी होत्या, एक घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ होते आणि तान्हे बाळ कडेवर घेतलेली एक आई होती. बाळाला मी अर्धे धरावे की पूर्ण यावर मी बराच विचार केला आणि मग धरलेच नाही. गुरुवारी फक्त त्या बहिणी उरल्या होत्या. बाकीचे कसे जातात ते त्यांना विचारले. कोणी मालवाहू टेम्पोत बसून जातो, कोणी चालत, आणि आईने दवाखान्याची तारीख पुढे ढकलली आहे.

या वेगाने घट होत राहिली असल्यास संख्या आतापर्यंत शून्यावर पोचली असेल. हा अंदाज तीनच बिंदूंवरून काढलेला आहे आणि असा अंदाज काढू नये हे मला शिकवलेले आहे. पण गणना विभागाची पुढची फेरी बुधवारी, दि. २७ रोजी आहे, आणि त्या दिवशी तिथे कोणी मोजायला आलेच तर त्यांना मोकळा रस्ता दिसेल. तेव्हा थांबा नको होता असेच सिद्ध होईल.

नऊ नंबरच्या ड्रायव्हरांशीही बोलले. फेरीपत्रकावर नसलेल्या ठिकाणी गाडी थांबवली की लेखी खुलासा द्यावा लागतो, आणि त्यांचे याआधीच दोन झाले आहेत. आत्याला सांगा की मी मुद्दाम तोंड फिरवलं नव्हतं, एवढा निरोप त्यांनी दिला. मी तो पोचवला. आत्या म्हणाली, त्याच्यावर माझा राग नाहीच.

१२. आता आत्याविषयी. हा माझा खाजगी विषय आहे आणि तो इथे लिहिणे योग्य नाही हे मी जाणते. तो लपवणे अधिक अयोग्य ठरेल म्हणून लिहिते. पाच आठवड्यांपूर्वी आत्याच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला रुग्णालयात व्यायामासाठी जावे लागते. ती आतापर्यंत नऊ नंबरने जात होती. फाटक तिच्या दारापासून चाळीस पावलांवर आहे. व्यायाम करून घेणाऱ्या बाई प्रत्येक वेळी गुडघा किती अंश वाकतो ते मोजतात. तीन महिन्यांत ११० पर्यंत पोचायला हवे. मध्ये खंड पडला तर सांधा आखडतो, आणि एकदा आखडला की पुढे कितीही व्यायाम केला तरी तो पूर्ण सुटत नाही, असे त्या बाईंनी मला स्पष्ट सांगितले आहे.

मी अर्थातच आत्याला गाडी करून नेईन म्हटले. सोमवारीच म्हटले, बुधवारी दारात गाडी घेऊन गेले. तिने काठी टेकत दारापर्यंत येऊन ड्रायव्हरला नमस्कार केला आणि परत पाठवले. मला म्हणाली, "मला तू नेशील. त्या दोघी बहिणींना कोण नेणार? त्या बाळाच्या आईला? माझ्या भाचीनं थांबा पुसला, आणि मी तिच्याच गाडीत बसून त्यांच्यासमोरून जाऊ? थांबा येईल त्या दिवशी मी जाईन."

मी वैद्यकीय कारणे सांगितली. तिने ऐकली. तिने स्वतः एकतीस वर्षे नमुने तपासले आहेत, आकडे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतात. मग तिने ड्रॉवरमधून माझा शाळेतला कोनमापक काढून दिला आणि म्हणाली, "रोज मोज. तुला मोजायला आवडतं ना?" तेव्हापासून मी रोज सकाळी कार्यालयात येण्यापूर्वी तिच्याकडे जाते. आजवर तिच्या पाच भेटी चुकल्या आहेत. उद्या सहावी.

आईने आत्याला समजावायचा प्रयत्न केला, तेव्हा आत्याने तिला चहा दिला आणि विषय बदलला. बाबा म्हणाले की त्यांच्या बहिणीला कारखान्याचा मालकही कधी वळवू शकला नव्हता, तू तर झाडूवाली. घरात आता हेच नाव चालू आहे. पूर्वीचे बरे होते.

१३. थांबा यादीतून काढण्याचे कारण असे नोंदलेले आहे की पुढचा थांबा, क्र. ११८, नकाशावर ३८० मीटर आहे. हे खरे आहे. नकाशावरची रेषा बंद कारखान्याच्या आतून जाते. त्या रेषेवरून चालायचे तर दोन भिंती, बॉयलर घर आणि एक कुलूपबंद गोदाम पार करावे लागेल. मी रस्ते विभागातून अंतर मोजायचे चाक उसने आणले आणि फाटकापासून ११८ पर्यंत पायवाटेने, भिंतीला वळसा घालून, ते फिरवले. जाताना ९१२ मीटर, येताना ९१४. नियम ६ म्हणतो की दोन थांब्यांमधील 'चालण्याचे अंतर' ५०० मीटरपेक्षा जास्त असेल तर प्रवासीसंख्या न पाहता व्यवस्थापक थांबा देऊ शकतात. म्हणजे हा थांबा सहा वर्षांपूर्वीही काढायला नको होता. पुसायचे काम मी बरोबर केले आणि ज्या यादीवर विश्वास ठेवून केले ती चुकीची होती. हे मी बचाव म्हणून लिहीत नाही. चार चाचण्यांऐवजी मी पाचवी लिहिली असती, म्हणजे पुसण्यापूर्वी बसमध्ये बसून एक फेरी मारली असती, तर हे त्याच दिवशी कळले असते. फेरीला बावन्न मिनिटे लागतात.

१४. तरी माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे.

नियम ६ अन्वये थांबा क्र. ११७ मूळ यादीत घ्यावा. सोमवार, दि. २५ च्या पुरवणी छपाईपूर्वी ही एक ओळ यादीत आली, तर पत्रक आपोआप बनेल, फेरीपत्रकात जाईल आणि झाडू त्याला हात लावणार नाही. वेळा या वेळी बरोबर असतील. अकरा मिळवू नका, हे वसाहतीत घरोघरी जाऊन सांगण्याची जबाबदारी मी घेते.

हे इतक्या लवकर शक्य नसल्यास, झाडूला एका ओळीचा अपवाद करण्यास लेखी मंजुरी द्यावी. कारणाच्या जागी माझे नाव घातले तरी चालेल.

हेही शक्य नसल्यास, नियम १४ कडे लक्ष वेधते. गणवेशातील कोणत्याही कर्मचाऱ्याने रस्त्यावर हात दाखवला तर ड्रायव्हरने गाडी थांबवलीच पाहिजे, आणि त्याचा खुलासा द्यावा लागत नाही. कार्यालयीन कर्मचाऱ्यांना गणवेश नसतो. मला सेवेचे एक जाकीट, मध्यम मापाचे, मंजूर करावे. मी कार्यालयाच्या वेळेपूर्वी सकाळी ८:२३ ला फाटकापाशी उभी राहीन व गाडी थांबवीन, आणि थांबा यादीत येईपर्यंत रोज असे करीन. पावसाळ्यात जाकिटाला टोपी असल्यास बरे, पण त्यावर अडून बसणार नाही.

झाडूचा नियम मागे घ्यावा अशी माझी मागणी नाही. तो ठीक आहे. मूळ यादीतील इतर ३०२ थांबेही मी सुट्टीच्या दिवशी एकेक करून चालत पाहणार आहे. त्यासाठी परवानगी लागत असल्यास हाच अर्ज त्यासाठीही समजावा.

आपल्या सोमवारपूर्वीच्या निर्णयाची वाट पाहणारी, आणि वरील सर्वास एकटी जबाबदार,

(सही)
कनिष्ठ सहायक, वेळापत्रक कक्ष
गुरुवार, दि. २१

सोबत जोडलेले:

(क) पुसलेल्या २५५ फाइलींची यादी, पाने ७.

(ख) तीन दिवसांची मोजणी, वहीची पाने २. बाळाची नोंद तळटिपेत.

(ग) चाकाने मोजलेल्या अंतराचा कच्चा नकाशा, भिंती लाल शाईत.

(घ) आत्याच्या उजव्या गुडघ्याचा तक्ता. शुक्रवार, दि. ८, रुग्णालयातील शेवटची नोंद: ८६ अंश. आज सकाळी ७:१०, घरी, त्याच उंचीच्या खुर्चीवर बसवून, तीन मोजमापांची सरासरी: ७९ अंश. मोजमापांतील फरक एका अंशापेक्षा कमी.